आवाज आतल्या खोलीत

“आधी तो माउस काढून ठेव,” पिसाळकाका म्हणाले.

मी नुकताच त्यांचा हात धरून माउसवर ठेवला होता. समोर पडद्यावर एक सुबक खिडकी उघडी होती. डावीकडे जोडता येतील अशा यंत्रांची नावं, प्रत्येकापुढे एक चौकोन. हव्या त्या चौकोनात टिचकी मारली की काम झालं. ती खिडकी नीट चालावी म्हणून मी बरेच दिवस घातले होते, आणि मला तिचा थोडा अभिमानही होता.

“काका, एकदा बघा तरी.”

“बघतो की. कुठं बघू, सांग.”

मी ओशाळले. ते मात्र खुशीत हसले. जन्मापासून अंध असलेल्या माणसाला असे बोलणारे रोज भेटत असणार.

“आता तू ऐक,” ते म्हणाले आणि टॅबची कळ दाबली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज टेबलावरच्या लहानशा स्पीकरमधून म्हणाला, “बटन.” त्यांनी पुन्हा दाबली. “बटन.” पुन्हा. “बटन.” “बटन.”

“सदऱ्याची बटनं मोजतंय जणू,” काका म्हणाले. “कुठलं बटन कशाचं, हे तुझ्या खिडकीलाच ठाऊक नाही. मला काय सांगणार ती?”

कराडजवळच्या एका अंधशाळेच्या छापखान्यात आम्ही बसलो होतो. मे महिना होता. वर पत्रा तापत होता आणि पंखा गरम हवा खाली ढकलत होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ची परीक्षा देऊन मी घरी निकालाची वाट बघत होते. आमच्या सरांनी फोन करून सांगितलं, “केतकी, रिकामी आहेस ना? शाळेचा संगणक जळलाय. जाऊन ये.” मी गेले, ती महिनाभर जातच राहिले.

छापखाना म्हणजे एकच खोली. कोपऱ्यात ब्रेल छापणारं यंत्र होतं. त्याला सगळे एम्बॉसर म्हणत. त्यात शाई नसते. जाड कागदावर ते ठोकून ठोकून टिंबं उठवतं, आणि तेव्हा आवाज होतो तो पत्र्यावर गारा पडल्यासारखा. त्या आवाजावरून शाळेतली मुलं ओळखायची की छापकाका कामावर आहेत. पिसाळकाकांना मुलांनी ठेवलेलं हे नाव. गेली कित्येक वर्षं शाळेतलं प्रत्येक पुस्तक त्यांच्याच हाताखालून गेलं होतं.

अडचण अशी होती की मराठी मजकुराचं ब्रेल करणारा प्रोग्रॅम फार जुना. तो फक्त जुन्या संगणकावर चालायचा, आणि ज्या माणसानं तो लिहिला त्याचा धंदा कधीच बंद झालेला. त्यातच जुन्या संगणकाचा बोर्ड जळला. सुदैवानं डिस्क शाबूत होती. कुणी तरी देणगीत दिलेला एक चांगला दणकट नवा संगणक कपाटात पडून होता. मी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून ती नव्याच्या पोटात चालवली. संगणकाच्या आत संगणक.

काकांना हे समजावताना मी आभासी, अनुकरण असले शब्द वापरत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्हणजे भाडेकरू.”

“कसं?”

“घर नव्याचं. आतल्या खोलीत जुना राहतो. त्याला वाटतं, घर आपलंच.”

“हो. पण त्या खोलीला बाहेरचं दार नाही,” मी म्हणाले. मला ती कल्पना आवडली होती. “एम्बॉसरची वायर नव्याला जोडलेली. जुन्याला तो दिसतच नाही. मालकानं उचलून आत दिला तरच त्याला मिळणार.”

“आणि आत दिला की मालकाकडं राहत नाही?”

“नाही. एका वेळी एकाकडेच.”

“मग कायमचाच देऊन टाक की आत.”

“तेही करून पाहिलं. मग एम्बॉसर बंद असला तर जुना उठायलाच तयार होत नाही. आपलं सामान जागेवर नाही म्हणून रुसतो.”

“आणि आपल्याकडं वीज तर अशी,” काका म्हणाले. “बरं. रोज सकाळी मालकानं हातात द्यायचा. पण देणार मी. तू नाहीस.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं नव्हतं. त्याचं कारण मला आदल्या आठवड्यात कळलं होतं.

संस्थेचे सचिव बर्गेसाहेब हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं, मन वाईट नाही. संगणक जळाल्यापासून पुस्तकं अडली होती आणि शाळा जूनमध्ये उघडणार होती. त्यांनी छापखान्यात येऊन उभ्याउभ्याच सांगितलं होतं, “पिसाळ, ही मुलगी काही कायम इथं राहणार नाही. ती गेल्यावर तुम्हाला हे एकट्यानं जमलं पाहिजे. पुढच्या शनिवारी मी येतो. सगळं बंद असेल. तुम्ही सुरू करा आणि एक पान छापून दाखवा. जमलं तर उत्तम. नाही तर जूनपासून डोळस ऑपरेटर घेऊ. तुम्ही टेलिफोनवर बसा. पगारात काही फरक पडणार नाही.”

ते गेल्यावर काका बराच वेळ एम्बॉसरवर हात ठेवून उभे होते.

“टेलिफोनवर,” ते म्हणाले. “शिपायापासून सगळ्यांच्या खिशात फोन आहे. मी कुणाला जोडून देऊ?”

तर माउस गेला. मी रंगीत खिडकी बंद केली आणि काळा पडदा उघडला. त्यात फक्त ओळी लिहायच्या. आज्ञा लिहा, एंटर दाबा, उत्तराची ओळ येते. वाचणाऱ्या आवाजाला यापेक्षा सोपं काही नाही, कारण इथं वाचायला ओळींशिवाय काही नसतंच.

काकांची बोटं कळफलकावर पडली तेव्हा मी चकित झाले. इतकं स्वच्छ टंकलेखन मी आमच्या विभागात कुणाचं पाहिलं नव्हतं.

“कुठं शिकलात?”

“टाइपरायटरवर. मिरजेला, वसतिगृहात होतो तेव्हा. मास्तर पट्टी घेऊन मागं उभा असायचा.”

आज्ञा अशी होती: आधी आतला संगणक सांभाळणाऱ्या व्यवस्थापक प्रोग्रॅमचं नाव, मग ‘अटॅच डिव्हाइस’, मग आतल्या संगणकाचं नाव आणि शेवटी एका छोट्या फाइलचं नाव. कुठलं यंत्र आत द्यायचं, त्याची ओळख त्या फाइलमध्ये लिहिलेली. नावं काकांनी ठेवली. आतला संगणक ‘जुना’, एम्बॉसरची फाइल ‘छाप’. परत घ्यायचं असेल तर ‘अटॅच’च्या जागी ‘डिटॅच’, बाकी ओळ तीच. त्यांनी ती दोन-तीनदा लिहिली आणि पाठ झाली. तिसऱ्यांदा एंटर दाबल्यावर स्पीकर म्हणाला, “डिव्हाइस अटॅच्ड सक्सेसफुली,” आणि कोपऱ्यात एम्बॉसरनं एकदा डोकं हलवल्यासारखी खटखट केली.

“घेतलं वाटतं भाडेकरूनं,” काका म्हणाले.

माझी तक्रार एकच होती. त्यांनी वाचणाऱ्या आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला ती चिमण्यांची भांडणं वाटायची. त्यातही ते ओळ संपेपर्यंत थांबत नसत. जुनी आज्ञा परत आणायला वरच्या बाणाची कळ दाबायची, आवाजाचं पहिलं टोक कानावर आलं की ओळखायची आणि लगेच एंटर.

“काका, पूर्ण ऐका ना. शेवटचाच शब्द महत्त्वाचा असतो.”

“पूर्ण ऐकत बसलो असतो तर पोरांची पुस्तकं दिवाळीला छापून झाली असती. तू वाचताना अक्षर अन् अक्षर बघतेस?”

मी बघत नव्हते. कुणीच बघत नाही.

मधल्या एका दिवशी वेगळीच गंमत झाली. आतल्या जुन्याला काही विचारायचं तर त्यानंही बोललं पाहिजे. म्हणून मी स्पीकरचीही तशीच एक फाइल केली. काकांनी तिचं नाव ‘बोल’ ठेवलं आणि आज्ञा दिली. स्पीकर आत गेला आणि खोलीत एकदम शांतता पसरली. बाहेरच्या संगणकाचा आवाज गेला. काका कळा दाबत होते, उत्तर नव्हतं.

“आता मालक मुका,” ते म्हणाले, “आणि भाडेकरू गाणी म्हणतोय.”

मी पडद्यावर बघत परतीची आज्ञा लिहिली. थोड्या वेळानं स्पीकर पुन्हा चिवचिवू लागला. दुसऱ्या दिवशी मी जुन्याच्या बोलण्यासाठी वेगळी वाट काढून दिली. ‘बोल’ फाइल पुसू का, असं मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “असू दे. खात नाही, पीत नाही.” मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, “काल परत आणलास, तेव्हा तू बघून आणलास ना?”

“हो.”

“हं,” ते म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

शनिवारी बर्गेसाहेब वेळेवर आले. बरोबर कुणी नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढून दाराजवळ घेतली आणि बसले. मी भिंतीशी उभी राहिले. काकांनी त्या दिवशी धुवट पांढरा सदरा घातला होता आणि केसांना तेल लावून भांग पाडला होता.

“करा सुरू,” साहेब म्हणाले.

काकांनी बटणं चाचपून संगणक सुरू केला. आवाज आला. त्यांनी जुन्याला उठवायची आज्ञा दिली. जुना उठला. एम्बॉसरचं बटण दाबलं, कागदाच्या कडेची भोकं दातांवर बसली आहेत का ते बोटांनी पाहिलं. सगळं नेहमीसारखं. साहेबांनी हाताची घडी सैल केली.

“हे काय बोलतंय?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“पडद्यावरची ओळ वाचतंय.”

“इतक्या भरभर? कळतं त्यांना?”

“कळतं साहेब,” काकाच म्हणाले. “तुमच्या बँकेत नोटा मोजणारे बघत बसायचे का प्रत्येक नोटेकडं?”

साहेब हसले. काकाही हसले. आणि हसता हसता त्यांनी वरचा बाण चार-पाचदा दाबला, ‘अटॅच’चं पहिलं टोक ऐकलं आणि एंटर मारला.

मी पडद्याकडे बघत होते. ओळीच्या शेवटी ‘छाप’ नव्हतं. ‘बोल’ होतं.

स्पीकर अर्ध्या शब्दावर तुटला. पंख्याची घरघर एकदम मोठी वाटायला लागली. काकांनी एक कळ दाबली. काही नाही. आणखी एक. त्यांची मान किंचित कलली, मागून कुणी हाक मारेल म्हणून कान द्यावा तशी.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

मी पुढे झाले. पडदा मला दिसत होता. एक ओळ लिहायची होती, फार तर दोन श्वासांचं काम. माझा हात कळफलकापर्यंत पोचलाही. काकांनी तो मनगटाशी धरला. त्यांना तो कसा कळला कोण जाणे, कदाचित बांगडी वाजली असेल.

“थांब.”

“काका, मी फक्त...”

“थांब म्हटलं ना. ऐकू दे.”

ऐकायला काय होतं? पंखा. बाहेर नळावर कुणी तरी बादली भरत होतं. आणि मग त्याच स्पीकरमधून एक बारीक, जुनाट ‘टिंग’ आली. नवं यंत्र मिळालं की जुना संगणक अशी घंटा वाजवायचा. तो जळाला त्या दिवसापर्यंत काकांनी ती रोज ऐकली होती.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

“स्पीकर मेला नाही,” ते म्हणाले. “आतल्या खोलीत गेलाय.”

“पिसाळ, अडलं असेल तर या मुलीला करू द्या,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, उलट जरा दयाच होती, आणि तेच मला भयंकर वाटलं. “यंत्र आहे, चालायचंच.”

“अडलंय, साहेब. सोडवतो. जरा दम धरा.”

त्यांनी माझा हात सोडला. दोन्ही तळवे मांडीवर पुसले, बोटं कळफलकावर ठेवली, आणि ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन कळांवरचे उंचवटे तर्जनीनं शोधले, जे आपल्याला असून दिसत नाहीत. बाणाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. पहिल्यापासून अख्खी ओळ लिहायला घेतली. हळू. एकेक कळ पूर्ण दाबून, पूर्ण सोडून. कळ दाबली की एरवी आवाज अक्षर सांगायचा. आता काही सांगत नव्हता. लिहिलेलं अक्षर बरोबर की चूक, हे त्या खोलीत फक्त मला दिसत होतं.

अक्षरं बरोबर पडत होती. ‘डिटॅच’ झालं. मधली रेघ झाली. ‘डिव्हाइस’मध्ये त्यांचं एक बोट घसरलं आणि एक अक्षर दोनदा उमटलं. माझ्या तोंडून शब्द निघणारच होता. मी ओठ दाबून धरले. काका थांबले. बोट त्याच कळेवर होतं. मग त्यांनी एक अक्षर खोडलं, आणि पुढे गेले.

“यांना दिसत नाही आणि ऐकू येत नाही,” साहेब पुटपुटले, “मग लिहितायत कशावर?”

“साहेब, टाइपरायटर कुठं बोलायचा?” काका मान न वळवता म्हणाले. “मास्तर पट्टी मारायचा तेवढंच.”

शेवटचा शब्द लिहून झाल्यावर ते एंटर दाबायला गेले आणि थबकले. करंगळी कळेवर टेकलेली. ओठ हलत होते. संपूर्ण ओळ ते मनात वाचत होते, पहिल्यापासून, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. इतक्या दिवसांत त्यांना एक ओळ पूर्ण वाचताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी एंटर दाबला.

काहीच झालं नाही. मला ठाऊक होतं की परत यायला थोडा वेळ लागतो, पण ठाऊक असण्याचा त्या वेळी काही उपयोग नव्हता. बादली भरून वाहू लागली होती. नळ बंद झाला.

स्पीकर खरखरला, आणि चिमण्या भांडायला लागल्या.

काकांनी खुर्चीला पाठ टेकली. एवढंच. मग पुन्हा पुढे झुकून नवी ओळ लिहिली, ती शेवटपर्यंत ऐकली, एंटर दाबला. कोपऱ्यात एम्बॉसरनं खटखट केली. काकांनी पानाची फाइल दिली आणि पत्र्याखालच्या त्या तापलेल्या खोलीत गारा पडायला लागल्या. थोड्याच वेळात शाळेच्या व्हरांड्यातून कुणी पोरगं ओरडलं, “छापकाका आले रे!” सुट्टीतही घरी न गेलेली चार-दोन मुलं वसतिगृहात होती.

पान बाहेर आल्यावर साहेबांनी ते हातात घेतलं. बोट फिरवून पाहिलं. त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

“काय आहे यात?”

काकांनी पान घेतलं आणि टिंबांवरून बोटं नेत वाचलं, “धडा पहिला. गुरुत्वाकर्षण.”

“बरोबर छापलंय?”

“एक अनुस्वार राहिलाय. तो मजकूर टाइप करणाऱ्याचा. माझा नाही.”

साहेब उठले. दारात थांबले. मला वाटलं आता ते मध्ये जे बिघडलं त्याबद्दल विचारणार. विचारलंही.

“मघाशी तुमच्याच हातून चुकलं ना?”

“माझ्याच.”

“बरं झालं,” साहेब म्हणाले. “ऑपरेटरची जाहिरात द्यायला उद्या पेपरवाल्याकडे जाणार होतो. आता नाही जात.” मग चष्मा काढून पुसत ते म्हणाले, “तिजोरी उघडून दाखवणारे पुष्कळ भेटले आम्हाला. किल्ली आत अडकल्यावर कोण काय करतो, ते कुणी दाखवत नाही.”

ते गेल्यावर मी काकांसमोर चहाचा पेला ठेवला. मला एक गोष्ट छळत होती. आवाज गेला त्या दिवसानंतर आम्ही दोघं फक्त ‘छाप’चीच आज्ञा देत होतो. ‘बोल’ची ओळ कितीतरी मागे गेली असायला हवी होती. चार-पाच बाणांत ती सापडली कशी?

“काका, ती ओळ इतक्या जवळ आली कुठून?”

ते चहा फुंकत राहिले.

“सकाळी लवकर आलो होतो,” ते म्हणाले. “तू त्या दिवशी डोळ्यांनी बघून आवाज परत आणलास, ते माझ्या मनातनं जाईना. म्हटलं, ही नसताना गेला तर? म्हणून मुद्दाम आत घालवला. आणि न ऐकता परत आणला. पहिल्यांदा नाही आला. घाम फुटला. मग आला.”

“म्हणजे तो सराव केलात म्हणून ती ओळ वर आली.”

“हो.”

“म्हणजे सरावामुळंच चुकलात.”

“आणि सरावामुळंच सुटलो. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात?”

मी विचार केला. “काही म्हणत नाहीत.”

“मग शास्त्र अजून लहान आहे,” म्हणून त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि उठून स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. “बस.”

“मी? कशाला?”

“बस म्हटलं ना.”

मी बसले. काकांनी हात पुढे करून पडद्याची कड शोधली, तिच्याखालचं बटण शोधलं आणि पडदा बंद केला. मग पुढे वाकून स्पीकरचा आवाजही मिटवला. समोर काळ्या काचेत माझाच चेहरा आणि वर फिरणारा पंखा.

“दुसरं पान छाप,” ते म्हणाले.

त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. पुण्यात आमच्या कंपनीत अशा आतल्या खोल्या शेकड्यांनी आहेत, आणि त्यांना काय द्यायचं, काय काढून घ्यायचं हे बघणं हेच माझं काम आहे. पण त्या दुपारइतका वेळ मला एका ओळीला नंतर कधी लागला नाही. दोन्ही उंचवटे शोधले. एक अक्षर लिहिलं आणि ते पडलं की नाही, हे कळायला काहीच नव्हतं. मी पुढचं लिहिलं. काका मागे उभे होते. त्यांच्याकडे पट्टी नव्हती. शेवटच्या शब्दावर आले तेव्हा मी थांबले आणि सगळी ओळ पहिल्यापासून मनात वाचली.

“झालं वाचून?” काकांनी विचारलं.

“झालं.”

“मग दाब.”

मी दाबला. आम्ही दोघं कोपऱ्याकडे कान देऊन थांबलो. पंखा फिरत होता. आणि मग, कागदावर, पहिली गार पडली.